पाचवी बाटली

(ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ गावात रविवारची दुपार. द्राक्षतोडणी आठवड्यावर आलेली. अंगणातल्या मांडवाखाली तिघं बसलेत: वाईनच्या कारखान्यात टाक्या चाखणारा ओरेस्ते, त्याची बायको ब्रुना आणि त्याच कारखान्याच्या लॅबमध्ये काम करणारी मुलगी लिडिया. टेबलावर स्वस्त पांढऱ्या वाईनच्या सहा बाटल्या, लेबल दिसू नये म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या; चाखून ओळखायच्या. चार चाखून झाल्यात.)

ब्रुना: ...ही चौथी तर नुसती साखर! ओरेस्ते, पेरिनच्या मळ्यातल्या मस्कट द्राक्षांसारखी नाही वाटत?

ओरेस्ते: अगदी. मस्कटच. गुलाबपाणी शिंपडल्यासारखी.

लिडिया: आई, तू का आधी बोलतेस? दरवर्षी बाबा आधी बोलतात.

ब्रुना: अगं, घरातला खेळ हा. कोर्टातली साक्ष आहे का?

लिडिया: पाचवी बाबांनी आधी घ्यायची. तू तुझा ग्लास इकडे दे. दे म्हणते ना.

ओरेस्ते: दे गं. लेक आज परीक्षा घेतेय बापाची... हं. रंग छान. सेमियॉन द्राक्षं. लिंबाची साल, मागून जरासं ओलं गवत. स्वस्तातली आहे, पण स्वच्छ. रविवारच्या कोंबडीबरोबर कुणीही खुशाल पिईल.

लिडिया: स्वच्छ?

ओरेस्ते: स्वच्छ म्हणजे स्वच्छ. एकतीस वर्षं टाक्या चाखतोय मी. आता तू शिकव मला.

लिडिया: आई, वास घे.

ब्रुना: मला नको. जेवण जड झालंय.

लिडिया: पिऊ नकोस. नुसता वास घे.

ब्रुना: ...अगं आई गं.

लिडिया: सांग त्यांना.

ब्रुना: मला काय कळतंय? सर्दी झालीय मला.

लिडिया: नासकी अंडी, बाबा. हातभर लांबून येतोय वास. मघाशी मी ओतली तेव्हा आईने तोंड फिरवलं, ते तुम्ही पाहिलं नाहीत.

ओरेस्ते: कुठल्या दुकानातून उचलून आणलीस असली घाण?

लिडिया: दुकानातून नाही. आपल्या कारखान्यातली चौदा नंबरची टाकी. गुरुवारी तुम्ही ‘चांगली’ म्हणून सही केलीत तिच्यावर.

ब्रुना: लिडिया, पुरे. जेवणाच्या टेबलावर हे काय काढलंस?

लिडिया: आणि तू? तू कधीपासून उत्तरं पुरवतेस त्यांना? ‘पेरिनच्या मस्कटसारखी नाही वाटत?’ मी काय कुकुलं बाळ आहे?

ब्रुना: माझ्या नवऱ्याला मी सांभाळणार नाही तर कोण?

ओरेस्ते: तिच्यावर ओरडू नकोस. मीच सांगितलं होतं तिला. मे महिन्यात तो ताप आला ना, त्यानंतर गेलं सगळं. आधी वाटलं, नाक चोंदलंय. मग एकदा चुलीवर दूध करपून कोळसा झालं, अन मी शेजारीच पेपर वाचत बसलेलो.

लिडिया: मे? नऊ महिने झाले, बाबा! मग टाक्या कशा चाखल्यात?

ओरेस्ते: आंबट, गोड, कडू जिभेला कळतं. द्राक्षं कुणाच्या मळ्यातली, ते चिठ्ठीवर असतं. बाकीचं... आठवून सांगायचो.

लिडिया: डॉक्टरांना दाखवलंत?

ब्रुना: ते म्हणाले, येईलही, नाहीही येणार. वाट पाहा.

ओरेस्ते: एवढा हंगाम जाऊ दे, पोरी. सहा आठवडे. मग मीच राजीनामा देतो. मानाने जाऊ दे मला.

ब्रुना: त्याचं ऐक गं. तू लॅबमध्येच असतेस. तू आधी वास घेत जा, त्याला हळूच सांगत जा. घरातलं घरात राहील.

लिडिया: उद्या सकाळी सात वाजता त्या टाकीवर टँकर लागतोय, आई. ती घाण तीन चांगल्या टाक्यांत मिसळणार. पेरिनकाकांची द्राक्षं आहेत त्यांत, सगळ्या गल्लीची आहेत. मी शुक्रवारी रिपोर्ट लिहिला आणि दोन दिवस पर्समध्ये घेऊन फिरतेय. झोप नाही मला. माझ्या बापाचं नाव मी कुठल्या तोंडाने खोडू?

ओरेस्ते: म्हणून हा खेळ मांडलास?

लिडिया: मला वाटलं, माझं चुकत असेल. देवाशप्पथ बाबा, तुम्ही ग्लास नाकाशी नेलात तेव्हा मी मनात म्हणत होते, तोंड वाकडं करा, एकदा शिवी द्या मला.

ओरेस्ते: ...फोन कुठाय माझा? मॅनेजरला लावतो.

ब्रुना: ओरेस्ते, घाई करू नकोस. जरा विचार कर.

ओरेस्ते: नऊ महिने तोच केला. सही माझी, सांगणारही मीच. दे इकडे... हॅलो, कॉलिन? ओरेस्ते बोलतोय. जेवतोयस का? नाही, घरी सगळे बरे आहेत. ऐक, उद्याचा टँकर थांबव. चौदा नंबर नासलीय. हो, सही माझीच आहे. मला वास येत नाही, कॉलिन. नाही, सर्दी नाही. मे महिन्यापासून. ...हो. ...हो, मे महिन्यानंतरच्या सगळ्याच टाक्या तपासून घे. लिडियाला येतं ते, तिचं नाक माझ्यापेक्षा तिखट आहे. बरं. सकाळी येतो, चाव्या द्यायला.

ब्रुना: काय म्हणाला?

ओरेस्ते: काही नाही. एवढंच म्हणाला, बरं झालं आज सांगितलंस.

लिडिया: बाबा...

ओरेस्ते: रडायचं नाही. नाक चोंदेल, अन या घरात आता तेवढंच एक धड उरलंय. ती सहावी उघड.

लिडिया: आता कशाला?

ओरेस्ते: उघड गं. आईलाही दे. हं, आता वास घे. काय आहे?

लिडिया: पिकलेलं पेअर. आणि... मध. अगदी थोडा.

ओरेस्ते: सावकाश सांग. घोट तोंडात धरून ठेवतो मी.