आईनं पडद्यामागून पाहिलेला सिनेमा

मांजरपाटाचा तागा उलगडला की मला अजून आई आठवते. चहा येतोय, तोवर सांगतो.

माझी धाकटी पोरगी पिंकी डावखुरी. ती डाव्या हातानं जेवायला लागली की आई चापट मारायची, आणि पोरगी भरल्या ताटावरून रडत उठायची.

एकदा आमच्या बीबी गावच्या शाळेत गुरुजींनी वेस्ट इंडीजच्या बेटांवरचे लहान मुलांचे छोटे सिनेमे आणले. पडद्याचा मांजरपाट माझ्याच कापडाच्या दुकानातला. सारं गाव पडद्यासमोर बसलं, आई मात्र सरळ पडद्याच्या मागं जाऊन बसली. तिच्या तरुणपणी यात्रेतल्या सिनेमाच्या तंबूत बायकांची जागा तिथंच असायची.

"आजी, समोर या," गुरुजी म्हणाले.

"मले इथूनच बरं दिसते, गुरुजी. सवय हाय."

आता मागून पाहिलं की उजवं ते डावं दिसणारच. सिनेमात एक म्हातारी नातवंडांसोबत तळलेले मासे उजव्या हातानं खात होती.

दुसऱ्या दिवशी पिंकीनं डावा हात ताटात घातला. मी आईकडं पाहिलं.

"काऊन पाह्यतं माह्याकडं? खाऊ दे तिले. तिकडं म्हातारीसुद्धा डाव्याच हातानं जेवून राह्यली होती. काय बिघडलं तिचं?"

"पण आजी, तू तर मागून..." पिंकी सांगायलाच लागली.

मी घाईनं तिच्या तोंडात भाकरीचा घास कोंबला. गडबडीत माझाही डावाच हात पुढं झाला. आईनं ते पाहिलं, आणि माझ्या ताटात भाकरी वाढली.