सूचनांचा रकाना

आदरणीय अध्यक्ष, म्हणजे या कार्यालयाचे व्यवस्थापकसाहेब. व्यासपीठावरचे मालक आणि त्यांच्या मातोश्री. नोंदणी आणि वितरण विभागातील सर्वजण. नेहमीप्रमाणे खुर्च्या रिकाम्या असूनही दाराशी उभी असलेली गाडीवरची मंडळी. आणि सॉफ्टवेअर कंपनीतून मुद्दाम रजा काढून आलेली इंजिनियर मुलगी, सर्वांना नमस्कार.

मी आयुष्यभर आरेखक म्हणून नकाशे काढले. त्या कामात तोंड उघडावं लागत नाही. घरी बोलण्याचं खातं माझ्या पत्नीकडे होतं. आज तिचा निवृत्तीचा दिवस. ती चार महिन्यांपूर्वी गेली, तरी तुम्ही तारीख पाळलीत, हॉल घेतलात, हार आणलात, आणि तिच्या जागी मला उभं केलंत. दोन मिनिटं बोला म्हणालात. प्रयत्न करतो.

तुमचं काम लोकांच्या घरी ऑक्सिजनचे सिलिंडर पोचवण्याचं. हे मातोश्रींना सांगायला नको, त्यांच्याच यजमानांनी ते सुरू केलं. माझी पत्नी एकतीस वर्षं वितरणाच्या टेबलावर होती. गेल्या वर्षी जुनं सॉफ्टवेअर काढून नवीन आणायचं ठरलं, आणि ते सुरू करण्याआधी वापरणाऱ्यांनीच तपासून बघायचं, असं ठरलं. बारा जणांची निवड झाली. प्रत्येकाने तपासायचं आणि शेवटी 'स्वीकारलं' म्हणून सही करायची.

त्या पाच आठवड्यांत आमच्या घराची काय अवस्था झाली, कल्पना आहे का? तपासणीच्या कागदावर तीन रकाने असायचे. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. तिला ते इतके आवडले की एकदा माझ्या उशीवर चिठ्ठी मिळाली. 'केलं: नवऱ्याला दिवा बदलायला सांगितलं. व्हायला हवं होतं: उजेड. झालं: मंगळवारपर्यंत बघतो.' मी दिवा बदलला. तिने खाली 'पुन्हा तपासलं, ठीक' असं लिहून चिठ्ठी फ्रिजवर लावली. ती अजून तिथेच आहे.

असो. विषयावर येतो.

तपासायला कंपनीने दहा नमुन्याचे ग्राहक दिले होते. ती घरी येऊन सांगायची, काय गुणी माणसं आहेत हो, सगळी तळमजल्यावर राहतात आणि पहिल्या घंटीला फोन उचलतात, असा ग्राहक मला एकतीस वर्षांत भेटला नाही. मग तिने हट्ट करून खऱ्या ग्राहकांची माहिती मागून घेतली. पहिलं नाव काढलं ते तिसऱ्या मजल्यावरच्या एका निवृत्त संगीतशिक्षकांचं. एकटे राहतात, ऐकू अजिबात येत नाही. पत्ता बरोबर, फोन बरोबर, सिलिंडरचा आकार बरोबर. पडद्यावर सगळीकडे हिरव्या खुणा. फक्त एक गोष्ट नव्हती.

जुन्या सॉफ्टवेअरमध्ये फॅक्सच्या नंबरासाठी एक रकाना होता. घरी ऑक्सिजन घेणाऱ्याकडे फॅक्स कुठून असणार? तो रिकामाच राहायचा. मग वितरणातल्या लोकांनी हळूहळू त्यात स्वतःच्या खुणा लिहायला सुरुवात केली. संगीतशिक्षकांच्या नावापुढे होतं, 'दार वाजवू नये. समोरच्या गच्चीवरून हात हलवा, ते खिडकीत असतात.' कुठे 'किल्ली शिंप्याकडे', कुठे 'कुत्रा भुंकतो पण भित्रा आहे'. हे कुणी ठरवलं नव्हतं, कुठल्या नियमात नव्हतं, म्हणून नवीन सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना कुणी सांगितलंच नाही. त्यांनी फॅक्स कोण वापरतं असा विचार करून तो रकाना काढून टाकला. त्यांचं चुकलं, असं मी म्हणणार नाही. मीही नकाशातून वापरात नसलेली वाट पुसलीच असती.

अशा तीनशे चाळीस खुणा होत्या. गाडीवर नवा माणूस असता, तर दार वाजवून, वाट बघून, 'घर बंद' लिहून परत आला असता. आणि आत माणूस शेवटच्या सिलिंडरवर बसलेला.

सह्यांच्या दिवशी अकरा सह्या झाल्या, बारावी झाली नाही. साहेब, आपण परवानगी दिलीत म्हणून सांगतो. आपण तेव्हा म्हणाला होतात की ही चूक नव्हे, ही नवी मागणी आहे, सुरू झाल्यावर बघू. कागदाप्रमाणे आपलं बरोबरच होतं. सोमवारपासून सुरू, अशी तारीख जाहीर झाली होती, पत्रं गेली होती. तिचं उत्तर इथल्या पुष्कळांनी ऐकलंय.

"चूक कुणाची ते सावकाश ठरवा, साहेब. सोमवारी त्यांच्या दारात कोण उभं राहणार, तेवढं आज सांगा."

त्यानंतर चार दिवस इथे तिच्याशी जेवणाच्या टेबलावर कुणी धड बोललं नाही. ते मला तुमच्याबद्दल सांगायचं नाहीये. माझ्याबद्दल सांगायचंय. त्या संध्याकाळी ती घरी आली, तेव्हा तिला दम लागत होता. जिन्यामुळे, म्हणाली. मी तिला काय म्हटलं असेल? 'अकरा जणांनी केली ना सही, मग तूही करून टाक. सगळ्या जगाचा मक्ता तूच घेतलायस का?'

ती रागावली नाही. बूट काढता काढता म्हणाली, "अहो, माझी सही म्हणजे मी बघितलं. आणि मी जे बघितलं ते ठीक नाहीये."

मग साहेबांनीच तारीख अठरा दिवस पुढे ढकलली. त्याला किती मोठं मन लागलं असेल, हे मला आता समजतं. या इंजिनियर मुलीने नवा रकाना बनवला आणि त्याला सरळ 'सूचना' असं नाव दिलं. दोघींनी मिळून तीनशे चाळीस खुणा एकेक वाचून त्यात आणल्या. पहिल्या दिवशी ही तिला मॅडम म्हणत होती, शेवटी मावशी म्हणायला लागली. सॉफ्टवेअर सुरू झालं, आणि संगीतशिक्षकांच्या समोरच्या गच्चीवर जाऊन कुणीतरी हात हलवला.

दम जिन्यामुळे लागत नव्हता, हे पुढे तीन महिन्यांनी कळलं. कामावरच्या शेवटच्या दिवशी तिने स्वतःचं नाव स्वतःच्या हाताने ग्राहक म्हणून नोंदवलं.

पहिला सिलिंडर घेऊन आले ते तुमच्या गाडीवरचे, तुम्ही ज्यांना पहिलवान म्हणता ते. ज्यांनी त्यांना पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, ते माझ्याहून बारीक आहेत. मी दारातच म्हटलं, ठेवा इथे, मी आत नेतो. ते ऐकेनात. सिलिंडर आत नेला, जोडला, जुना उचलला. दुसऱ्या खेपेलाही तेच. तिसऱ्या खेपेला मी जरा चिडलो, तेव्हा त्यांनी खिशातून पावती काढून माझ्या हातात दिली. सूचनांच्या रकान्यात छापलेलं होतं, 'नवरा "मी नेतो" म्हणेल. नेऊ देऊ नये. पाठ दुखते, सांगत नाहीत.'

ज्या रकान्यावर पाणी सोड म्हणून मी तिला सांगत होतो, त्यात तिने माझी पाठ लिहून ठेवली होती. पाठ दुखते हे मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. मी आत गेलो. ती डोळे मिटून पडली होती, पण हसत होती. पहिलवान शेवटपर्यंत सिलिंडर आत आणत राहिले.

आता एकच काम राहिलंय. नोंदणी विभागाने ग्राहकाची नोंद बंद करण्याचा अर्ज मला चार महिन्यांपूर्वी पाठवला होता. दोनदा नम्रपणे आठवणही करून दिली. उशिराबद्दल क्षमा असावी. अर्जात तीन वाक्यं होती. सिलिंडर परत गेला, हे मी बघितलं होतं. नळी आणि मास्क परत गेले, तेही बघितलं होतं. तिसरं वाक्य होतं, 'ग्राहकास आता ऑक्सिजनची आवश्यकता नाही.' ते बघायला मला वेळ लागला. आज सकाळी बघितलं आणि खाली सही केली. अर्ज इथे अध्यक्षांकडे देतो. नोंद बंद करण्यापूर्वी तिच्या सूचनांचा रकाना असलेल्या पानाची एक प्रत तेवढी मला छापून द्यावी.

आपण सर्वांनी तिला सांभाळून घेतलंत, नंतर मलाही घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर ते तिने तीन रकान्यांत लिहिलं असतं. केलं: नवऱ्याला माईकसमोर उभं केलं. व्हायला हवं होतं: दोन मिनिटं. काय झालं, ते तुम्ही बघितलंतच. तेवढं पोटात घाला. नमस्कार.