मनगटाचा दोरा

आळेफाट्याच्या स्टँडवर हिराबाई गाडीची वाट बघत बसली होती. मागच्या बाकावर दोन सुतार बोलत होते.

"खाच पाडायचं जाड ब्लेड लावलं, की मशीनवरचं झाकण काढावं लागतं, भाऊ."

"मग हात?"

"हात लांबच. फळी दांड्यानं ढकलायची."

"डिंगोऱ्याचा मिस्त्री तर लई जपून काम करायचा."

"दांडा व्हता की हातात. पण मनगटाला भैरवनाथाचा दोरा व्हता. त्याचा गोंडा ब्लेडात गेला, न् मागनं हात."

"अरारा! देवाचा दोरा राव!"

"ब्लेडाला काय देव कळतोय? मी माझा देव्हाऱ्यात ठिवूनच मशीनला हात लावतो."

हिराबाईनं घाईघाईनं घरी फोन लावला. सुनेनं उचलला.

"सोनल, मोहित काय करतोय?"

"खाचा पाडत्यात, आत्या. आजच नवं जाड ब्लेड बसवलंय."

"आधी मशीन बंद करायला सांग! सकाळी मी बांधलेला दोरा काढ त्याच्या हातातला."

"ते न्हाई काढायचे. तुमीच भैरवनाथाची शपथ घातलीय न्हवं?"

"शपथ सुटली म्हणावं! देवाचं माझं मी बघते. तू पळ!"

फोनातून मशीनचा आवाज येतच होता.