खोकं माझ्याकडे, कॅसेट त्यांच्याकडे

...आणि वाईट असती ना ती माणसं, तर काही प्रश्नच नव्हता! म्हणजे बघा, आपण आपल्या जन्मभराच्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटी कुणाला तरी देऊन टाकाव्यात, घेणाऱ्याने त्या माळ्यावर फेकाव्यात, त्यांच्यावर धूळ बसावी, मग आपण चार लोकांत 'किंमत नाही हो लोकांना' म्हणून हळहळावं आणि घरी येऊन गाढ झोपावं... अशीच रीत असते ना जगाची? मग माझ्याच नशिबी ही असली माणसं का? कॅसेटी पुसतात काय, कव्हरं घालतात काय, उठसूट फोन करून आभार मानतात काय... तुम्हाला सांगतो, माणसं चांगली आहेत हो. तीच तर पंचाईत आहे!

थांबा, असं मधूनच नको. मी लिफ्टवाला. बंद पडलेल्या लिफ्ट दुरुस्त करतो. आणि माझ्याकडे एक कपाट होतं. भरलेलं. लहानपणापासून जमवलेल्या कॅसेटी, त्यांची खोकी, ते जुनं मशीन, गुंतलेल्या वायरींचे रिमोट, सगळं त्यात. तर एक दिवस आमची ही म्हणाली, की बाबा आता आपल्याकडेच राहायला येणार. बाबा म्हणजे तिचे, माझे सासरे. म्हटलं, येऊ देत की, आनंद आहे. म्हणाली, "मग त्यांचे कपडे कुठे ठेवू? तुमच्या त्या माकडाच्या गेमवर?" आता सासऱ्यांच्या सदऱ्यांपुढे कुणाचं काही चाललंय का आजवर? तुमचं चाललंय? नाही ना? मग माझं कुठून चालणार!

बरं, द्यायच्या म्हटल्या तरी कुणाला? पुतण्याला विचारलं. तो मान वर न करता म्हणतो, "काका, हे सगळं फोनवर फुकट मिळतं." म्हणजे मी काय, आजवर भंगार जमवत होतो? मग एक संग्राहक आला. संग्राहक हा त्याचा शब्द. त्याने सगळी खोकी उलटीपालटी करून पाहिली, कोपरे पाहिले, वास घेतला. वास! मी म्हटलं, एखादी लावून दाखवू का? तर म्हणतो कसा, "नको, आत कॅसेट नसली तरी चालेल. मला खोकी काचेत ठेवायचीत." त्याला मी चहासुद्धा विचारला नाही.

आणि मग एक लिफ्ट बंद पडली. आत एक बाई अडकलेल्या. आता आमच्या धंद्यात एक पद्धत आहे, आत माणूस अडकलं की बाहेरून हातांनी काम करायचं आणि तोंडाने बोलत राहायचं. थांबायचं नाही. आपण गप्प बसलो की आतलं माणूस घाबरतं. सहसा मी हवापाण्यावर बोलतो, पण त्या दिवशी डोक्यात कपाटच होतं ना... मी आपला दाराच्या फटीतून कॅसेटींचं गाऱ्हाणं सांगत सुटलो. आतून प्रश्न यायला लागले. "त्या बेडकाच्या खेळात नदी वाहते की साचलेली असते?" आजवर मला असं कुणी विचारलं होतं का हो? दार उघडलं, तर बाई शांतपणे बाहेर आल्या, पदर नीट केला आणि म्हणाल्या, "मला ते सगळं बघायचंय."

ह्या थोरल्या. निवृत्त ग्रंथपाल. घरी यांची धाकटी बहीण, ती ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होती, तीही निवृत्त. दोघीच राहतात. दोघी माझ्या घरी आल्या, मी एक गेम लावून दाखवली. धाकट्यांनी रिमोट हातात घेतला... तुम्हाला सांगतो, अंगठा असा स्थिर, की मी बघतच राहिलो. मी म्हटलं, घ्या. सगळं घ्या.

सगळं म्हणजे, एक सोडून.

एक कॅसेट माझ्या आईची होती. हसू नका. आमची आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, दिवसभर दुसऱ्यांची बोलणी जोडून द्यायची. संध्याकाळी घरी आली की चपला पायात, पर्स खांद्याला, अशी उभ्याउभ्याच एक गेम खेळायची. "बसले तर उठवणार नाही," म्हणायची. एक छोटा दिवेवाला असतो, हातात कंदील, बेटामागून बेट फिरतो आणि दिवे लावतो. एवढंच. मारामारी नाही, काही नाही. कॅसेटमध्ये तिघांचे खेळ जपून राहायचे, जिथे सोडलं तिथून पुढे. नावाला जागा इंग्रजी तीन अक्षरांची, आणि आई बरोबर तीन अक्षरांत बसायची. एक खेळ माझा, एक दादाचा आणि एक आईचा.

तर आईने सगळे दिवे लावले. राहिला शेवटचा, पुलापलीकडचा. तो लावला की दिवेवाला घरी जातो, खेळ संपतो. आणि आई पुलाशी थांबली. रोज यायची, लावलेल्या दिव्यांवरून एक चक्कर मारायची, सगळं ठीक आहे ना बघायची, पुन्हा पुलाशी येऊन खेळ जपून ठेवायची. मी ओरडायचो, अगं आई, ओलांड की! तर म्हणायची, "ओलांडीन रे. तो घरी गेला, की मग मी घरी आल्यावर काय करू?"

नाही ओलांडला तिने. आता ती जाऊनही बरीच वर्षं झाली. दादाचा खेळ पुसला गेला, माझा पुसला गेला, आईचा राहिला. मी कधीतरी नुसतं लावून बघायचो. दिवेवाला पुलाशी उभा, कंदील जरासा हलतोय. बरं वाटायचं हो. आई जरा बाहेर गेलीय, येईल आणि पुढे खेळेल, असं वाटायचं. मग बंद करायचो.

तर ती कॅसेट मी ठेवून घेतली. खोकं उचललं, माझ्या अवजारांच्या पेटीत ठेवलं, बाकी सगळं मशीनसकट बहिणींच्या घरी पोचवलं. आणि सुरू झालं कौतुक! धाकट्यांचा फोन, "तो बेडूक फार गुणी आहे हो." थोरल्यांचा फोन, "आम्ही मशीनला झाकण शिवलंय, मापाचं." कॅसेटी स्पिरिटने पुसल्या. वायरी सोडवून वेटोळी करून बांधल्या. सहा महिन्यांत मला त्यांच्यात एक खोट काढता येईना. काय बोलणार? माणसं चांगली हो!

मग परवा थोरल्यांचा फोन. अगदी संकोचून. "रागावू नका, पण तुमच्या कॅसेटी चुकीच्या खोक्यांत होत्या. आम्ही एकेक लावून पाहिली आणि सगळ्या आपापल्या घरी ठेवल्या. फक्त एकीचं खोकं तुमच्याकडे राहिलंय बहुतेक. ती दिवेवाल्याची."

मी म्हटलं, छे, दिवेवाल्याची माझ्याकडे आहे. एका हातात फोन, एका हाताने पेटी उघडली, खोकं उघडलं... आत फुटबॉल!

आता हे कसं झालं, तर आमच्या घरची रीतच तशी. मी आणि दादा, दोघे आळशी. नवी कॅसेट ज्या खोक्यातून काढली, त्याच खोक्यात जुनी टाकायची. कुठल्या खोक्यात काय आहे ते डोक्यात असायचं, खोक्यावर काय लिहिलंय ते कोण बघतो? शेवटचं मी आईचं लावलं, डोळे भरून आले, म्हणून मन रमवायला फुटबॉल काढली. आई गेली फुटबॉलच्या खोक्यात. पुढे आवरताना मशीनमध्ये फुटबॉल, रिकामं खोकं एकच उरलेलं, ते आईचं. कानाला गिऱ्हाइकाचा फोन होता, हाताने आपलं नेहमीचं काम केलं. आणि मी काय केलं? फुटबॉल छातीशी धरून ठेवली आणि आई देऊन टाकली!

धावलो. खोकं काखेत. त्यांची लिफ्ट चालू होती, मीच दुरुस्त केलेली, तरी जिन्याने धावलो, एवढी अक्कल गुंग. जिना चढताना एकच म्हणत होतो, पुसली नसली म्हणजे मिळवली, आईच्या जागी आपला खेळ सुरू केला नसला म्हणजे मिळवली. दार उघडलं तर दोघी हसतमुख. "या, या! तुम्हाला गंमत दाखवायची होती, म्हणून फोनवर बोललो नाही."

मशीन लावलेलं. एक खोली, दोन खुर्च्या आणि माझ्यासाठी तिसरी आणून ठेवलेली. मी म्हटलं, यात तीन नावं असतील... थोरल्या म्हणाल्या, "हो, दोन जागा रिकाम्या होत्या, तिथे आमची नावं घातली. तिसऱ्या जागी आई होती. तिला आम्ही हात तरी कसा लावू?" तुम्हाला सांगतो, माझा जीव भांड्यात पडला. वाटलं, यांचे पाय धरावेत.

आणि मग धाकट्या म्हणाल्या, "पण बिचाऱ्या पुलाशीच अडकल्या होत्या हो. एवढे सगळे दिवे लावले आणि शेवटचा तेवढा जमला नाही. आम्हाला काही बघवेना. तो पूल अवघडच आहे, वारा आला की अंगठा मुळीच हलवायचा नाही. मी आधी माझ्या खेळात महिनाभर सराव केला. आणि काल आईंचा लावून दिला. शेवटचा."

मी पडद्याकडे बघितलं. सगळीकडे दिवे. दिवेवाला घरी, पांघरूण घेऊन झोपलेला, कंदील खुंटीला. मी रिमोट घेतला, बटण दाबलं. दुसरं दाबलं. सगळी दाबली. तो उठेना.

"झोपू द्या," धाकट्या हळूच म्हणाल्या. "दमलाय."

आता ओरडणार कुणावर? सांगा ना! महिनाभर सराव केलेल्या बाईवर? माझ्या आईचं राहिलेलं काम कुणीतरी मान मोडून पुरं करून दिलं, आणि मी म्हणू, का केलंत? माणसं वाईट असती तर भांडलो असतो, दार आपटून आलो असतो. थोरल्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "आमचं काही चुकलं का?"

मी म्हटलं, "नाही हो. छान केलंत."

"आईंना बरं वाटलं असतं ना?" धाकट्या.

मी म्हटलं, "हो. खूप."

थोरल्यांनी मशीन बंद केलं, कॅसेट काढली, पदराने पुसून माझ्या हातात ठेवली. "ही तुमच्याकडेच हवी. घेऊन जा." मी घेतली. खिशात टाकली. दारापर्यंत गेलो, चपला घातल्या, आणि मग डोक्यात प्रकाश पडला... अरे, नेऊन लावणार कशात? मशीन तर यांच्याकडे! म्हणजे हे सहा महिने खोक्यात खरोखर आईच असती, तरी मी काय तिला पेटीत बंद करून, अवजारांच्या खाली...

परत आत गेलो. कॅसेट त्यांच्या टेबलावर ठेवली. काखेतलं खोकंही शेजारी ठेवलं, आतल्या फुटबॉलसकट. थोरल्यांनी तिथल्या तिथे दोन्ही कॅसेटी आपापल्या खोक्यांत घातल्या, बोटाने झाकणं दाबली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही समाधान आलं... आता त्यांचा संग्रह पुरा झाला ना!

घरी आलो. सासरे माझ्या कपाटापुढे उभे राहून सदरा निवडत होते. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "धावत गेला होतात ना? आणलीत का आईंची कॅसेट?"

म्हटलं, "नाही गं. खोकं द्यायचं राहिलं होतं, ते देऊन आलो."