किडनीला झळ

रक्त तपासायच्या खोलीबाहेर शिंपीणबाई उपाशीपोटी नंबराची वाट बघत होत्या. शेजारी सासू-सून बसल्या होत्या.

“दुखणं सांध्यांचं ना गं? मग हे रक्त कशाला?”

“ल्युपसमध्ये अँटिबॉडी आपल्याच अंगावर उलटतात, आई. त्या वाढल्या असतील, तर किडनीला झळ पोचल्याची शंका. लघवीही तपासणार आहेत.”

“पाय सुजले तेव्हाच का नाही बोललीस?”

“तुमचं डोळ्याचं ऑपरेशन होतं.”

“वेडाबाई! डोळे बरे करून बघायचं कुणाला होतं मला?”

सून सासूच्या जवळ सरकली.

“भीती वाटतेय, आई.”

“मग हात दे इकडे.”

“त्याच हातातून रक्त घेतील.”

“मग दुसरा दे.”

तेवढ्यात शिंपीणबाईंचा नंबर पुकारला.

“माझं राहू द्या,” त्या म्हणाल्या, “आधी या दोघींना घ्या.”