मायचं डॉट भारत

आमच्या मलकापूरच्या कुरडया ऑनलाइन विकायचं ठरलं तवाची गोष्ट. वेबसाइट करणारा डिझायनर पुण्याचा. म्हणे, "काका, पत्त्याच्या शेवटी डॉट कॉमच ठेवा. मराठीतलं डॉट भारत गावठी वाटतं."

कुरडया करणारी माही माय बाजूलेच बसली होती. "माल माह्या हातचा, अन् पाकिटावरचा पत्ता मलेच वाचता येत नाही, हे कसं चालन?"

झालं, डॉट भारतच घेतलं.

परवा त्याच डिझायनरचा फोन आला. "काका, शेजारणीकडचं पाकीट वाचून माझ्या आईनं स्वतः ऑर्डर टाकली. मी केलेल्या एकाही साइटवर तिला आजवर जमलं नव्हतं."

मायनं त्या पुड्यात चार कुरडया जास्तीच्या टाकल्या. म्हणे, "त्याले सांग, गावठी गिऱ्हाइकाले आम्ही जास्तच देतो."