खालचा थर

कऱ्हाटीची मी, आन दिली कळंबला. नाव नका लिवू ताई, तुमच्यावर इस्वास न्हाय असं न्हाय, पन लिवलेला कागद कुठनं कुठं जातोय कुनाला ठावं. आमचा बा बाजारात भाजी इकायचा. जुडी बांधताना टवटवीत मेथी भायेर आन सुकलेली आत, हे म्या त्याच्या शेजारी बसून शिकले. आन तोच बा सांजच्याला टाळ घेऊन भजनाला पयला. लबाड व्हता का? न्हाय हो, चांगला मानूस. तितंच तर माझं डोकं फिरतंय.

कळंबला सासरी डाळिंबाची बाग व्हती, ती रोगानं गेली, मग मी व्यापाऱ्याच्या शेडवर माल निवडायला लागले. तीस वर्सं व्हत आली. काम काय, तर शेतकऱ्याचं कॅरेट, ती पलास्टिकची जाळीची पेटी, ती बघायची. वरचा थर समदेच लालबुंद लावत्यात. माळकरी बी लावतो, शाळंतला गुरुजी बी लावतो. म्हनून मी वर बघतच न्हाय, पयलं कॅरेट उलटं करते. खाली बारकं, तडकलेलं, काळा डाग पडलेलं. आन तवा त्या शेतकऱ्याचं तोंड बघा, म्हनतो, आक्का, पोरानं भरलं हो, मला ठावं न्हवतं. समद्यांच्या घरी पोरगंच भरतंय. व्यापारी म्हनतो, आक्कांनी बघितलं म्हंजी मला बघायची गरज न्हाय.

माझी एकच लेक, रंजी. बारामतीला कालेजात तत्त्वज्ञान शिकली. मला म्हनायची, आई, मानूस मुळात चांगला का वाईट, यावर मोठमोठ्या लोकांनी पुस्तकं लिवली, अजून भांडन मिटलं न्हाय, एक म्हनतो चांगलाच जल्मतो आन चार लोकांत राहून बिघडतो, दुसरा म्हनतो मुळातच आपमतलबी, धाकात ठिवावा लागतो. म्या म्हनलं, अगं त्यास्नी माझ्या शेडवर धाड, दुपारपातुर मिटवते. लई हसायची. एकदा म्हनली, पन आई, रोज खालचंच बघून बघनाऱ्याचं काय व्हतं, ते कोन लिवनार? म्या म्हनलं, जेव गपचिप.

मग पिंपळीचं स्थळ आलं. पोरगा वांगी-टोमॅटो करतो, इहिरीला पानी. बघायला आले, पोहे झाले, आन पोराची आई, आत्ताची माझी विहीन, कपबशी खाली ठिवून म्हनली, आक्का, आधीच सांगते, पोरगा तापट हाय, मला दम्याचा तरास, सैपाक समदा पोरीवर पडंल, आन पोराचा एकदा साखरपुडा होऊन मोडलाय. काय सांगू तुमाला, माझ्या अंगावर काटाच आला. डागी फळ वर लावनारा मानूस म्या जल्मात बघितला न्हवता. म्हनलं, जी बाई एवढं वर लावती, तिच्या खाली काय असंल?

दुसऱ्या दिवशी पिंपळी गाठली. गिरनीत इचारलं, दुकानात इचारलं, पारावरच्या म्हाताऱ्याला इचारलं, आबा, खरं सांगा. समदे म्हनाले, साधी मानसं हायेत. मला वाटलं, समदं गावच सामील हाय. घरी येऊन म्हनलं, हितं द्यायची न्हाय. तर रंजी म्हनली, मला तितंच द्या. आन माझ्याफुडं कंदी तोंड न उघडलेले आमचे मालक, रंजीचे बा, म्हनाले, व्हय, तितंच.

लगीन झालं. मी रोज फोन लावायची, सासू काय म्हनली, जेवलीस का, त्यो वरडला का. पयलं पयलं ती सांगायची. एक दिवस म्हनली, मीठ जास्ती झालं म्हनून ह्यांनी ताट सरकवलं, मग भूक लागल्यावर आपनच येऊन जेवले. हसत सांगत व्हती. पन म्या हसनं ऐकलंच न्हाय, ताट ऐकलं. सकाळच्या येस्टीनं पिंपळीला गेले आन अंगनात उभी राहून, शेजारपाजार गोळा होईस्तवर, तोंडाला यील ते बोलले, निघालं का न्हाय, मला ठावं व्हतं. जावई खाली मान घालून उभा. विहीन एवढंच म्हनली, आक्का, म्या सांगितलं व्हतं की तापट हाय. रंजी दारात व्हती, ती आत निघून गेली. त्याच्या फुडं फोनवर एकच, बरं हाय आई, समदं बरं हाय.

औंदा विहिनीचा फोन आला. म्हनली, पोरीला दिवस गेलं व्हतं, तिसऱ्या म्हैन्यात पोट पडलं, बारा दिवस झालं, ती सांगू नका म्हनत व्हती पन माझ्यानं ऱ्हावंना. दिवस गेल्याचं बी मला ठावं न्हवतं, ताई. म्या म्हनलं, आईला का सांगू नका? विहीन म्हनली, रंजी म्हनती, आई आधी तुमचं काय चुकलं ते हुडकंल, मग माझ्याकडं बघंल.

गेले. रंजी भिताडाला टेकून बसलेली, वाळून गेलेली, विहीन तिच्या डोक्याला तेल लावत व्हती. आन माझ्या मनात काय आलं सांगू? मी आले म्हनून लावती. तवा माझीच मला लाज वाटली. लेकीचं पोट पडलंय आन मी तेल तपासते. कायबी न इचारता बसले, तिचा पाय मांडीवर घेऊन. तिनं पाय काढून घेतला न्हाय, एवढंच.

आता रोज फोनवर ती म्हनते, बरं हाय. खरं का, असं इचारायला तोंड उघडतं, पन मिटून घेते आन म्हनते, सुखी ऱ्हा माझी बाय. मग विहिनीला लावते. ती समदं सांगते, आज जेवली न्हाय, आज रडली. खरं सांगते, एवढ्या वर्सांत त्या एका बाईवर माझा इस्वास बसलाय. माझ्या लेकीचा माझ्यावर कवा बसंल, ते पांडुरंगालाच ठावं.